पुढची कढई

आमच्या मोठ्या मायनं या उन्हाळ्यात बुलढाण्यातल्या सतरा हॉटेलांत आलुबोंडे खाल्ले, आणि त्यातल्या एकाही हॉटेलात ती भूक लागली म्हणून गेली नव्हती.

मोठी माय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, तानाबाई कचरू हिवराळे. माहेर बीबी गावचं, वय बावन्न, उंची हॉटेलच्या काउंटरवर हनुवटी टेकेल एवढी. सतराही हॉटेलांत मी सोबत होते. माझी दहावीची परीक्षा संपली होती, आणि तिचं म्हणणं असं की हॉटेलात एकटी बाई बसली की लोक आपला चहा सोडून तिचा चहा पाहतात. दोघी असल्या की कोणाचं काही जात नाही. "तू निस्ती बस, मंजे. बोलू नको. तोंड चालवाचं तं बोंड्यावर चालव."

म्हणून मी गप्प बसून ऐकलं. जे ऐकलं ते तसंच लिहिते आहे.

मोठी माय एकोणीस वर्षं कोर्टासमोरच्या एका हॉटेलात कामाला होती. पुढं भट्टी, मधे सहा बाकं आणि मागं भिंतीआड एक खोली. त्या खोलीत ती बसायची. बटाटे उकडायचे, सोलायचे, कुस्करायचे, आलं-लसूण-मिरचीचं वाटण घालून मसाला करायचा आणि गोळे वळून परातीत रचायचे. भिंतीत परातीएवढीच एक खिडकी होती, तिच्यातून परात पुढं जायची. पुढं शालिग्रामभाऊ. बेसनाचा घोळ करणारा आणि कढईवर उभा राहणारा तो कारागीर, मागं बसणारी ती कामाची बाई, असं हॉटेलात म्हणतात. गोळा घोळात बुडवून तेलात सोडला, झाऱ्यानं काढला, की बोंडा शालिग्रामभाऊचा झाला.

गिऱ्हाईक बोंडा तोडायचं आणि ओरडायचं, "वा शालिग्रामभाऊ! काय बोंडा हाय बे!"

शालिग्रामभाऊच्या गालात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा. रस सांडू नये म्हणून हनुवटी वर, नजर छताला, आणि बोलण्यातली निम्मी अक्षरं खर्ऱ्याखाली. "आऊं ए, आऊं ए," म्हणायचा तो. म्हणजे राहू दे, राहू दे.

ते "वा" भिंतीतून मोठ्या मायला ऐकू यायचं. खाणाऱ्याचं तोंड मात्र तिला एकदाही दिसलं नाही. खिडकीतून दिसायची ती शालिग्रामभाऊची पाठ, आणि पाठीवर घामाचा डाग.

यंदा मार्चमध्ये मालकाच्या मुलानं हॉटेल बंद करून तिथं मोबाईलचं दुकान टाकलं. शेवटच्या दिवशी मोठी माय घरी आली, हात धुतले आणि ओट्यावर बसून मोठ्या बाबांना म्हणाली, "आता मी मागं बसनार नाई. आता पुढं उभी राहीन. कढईवर."

मोठे बाबा म्हणजे तिचा नवरा, शाळेवर शिपाई आहेत. घंटा देऊन देऊन त्यांचं बोलणंही ठणठणीत झालंय. "कढईवर बाया राह्यतात का कुठी?"

"बुलढान्यात तं नाई राह्यत."

"मंग?"

"मंग मी राहीन."

"काऊन पन? पगार तं तोच भेटीन!"

"मले खानाराचं तोंड पाहाचं हाय," मोठी माय म्हणाली.

मोठ्या बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही निघालो. पद्धत तिची ठरलेली. आधी बसायचं, बोंडा मागवायचा, खायचा, मगच काम विचारायचं. "जथी बोंडाच बेकार, तथी मी उभी राहून काय करू?"

बसस्टँडजवळच्या हॉटेलचा मालक गिऱ्हाइकाशी विनाथांबा बोलतो. "आओ मावशी बैठो पोहा खतम मिसळ दस मिनिट बोंडा गरम कितने?" सगळं एका दमात. बोंडा आला तो आतून इतका पिवळा की बोटं दोन दिवस पिवळी राहिली. मोठ्या मायनं एक घास खाल्ला आणि माझ्या कानात म्हणाली, "हा हळदीचा बोंडा हाय. बटाटा पाहुना आलेला हाय." तरी तिनं विचारलंच, "कारागीर पायजे का?"

"पायजे ना! कौन है? लडका है तुम्हारा?"

"मी."

मालक पहिल्यांदा थांबला. मग त्यानं आवाज खाली आणला, दवाखान्यात आणतात तसा. "मावशी, बर्तन का काम है. आज से आ जाओ."

"बर्तनं माह्या घरी हायेत," मोठी माय म्हणाली आणि उठली.

जिल्हा परिषदेच्या बाजूचं हॉटेल कारकुनांचं. तिथं टेबलावर प्लास्टिकची फुलं आणि मालकाच्या जिभेवर पाक. "या ना, बसा ना, पाणी थंड देऊ की साधं?" बोंडा मात्र खरंच देखणा होता. साल पातळ, खुसखुशीत, तेलाचा डाग नाही. मालकानं मोठ्या मायचं सगळं ऐकून घेतलं. एकोणीस वर्षं? अच्छा! कोर्टासमोर? अच्छा, अच्छा! मग विचारलं, "आपलं पूर्ण नाव काय म्हणालात?"

"तानाबाई कचरू हिवराळे."

"अच्छा," तो म्हणाला. हा अच्छा आधीच्या अच्छांपेक्षा दोन पायऱ्या खाली होता. "अच्छा. बघतो. कळवतो मी आपल्याला."

"कसं कळवसान?" मोठी माय म्हणाली. "माहा नंबर तं घेतलाच नाई तुमी."

त्यानं घाईघाईनं पेन शोधलं. पेन त्याच्या खिशालाच होतं, ते त्याला सापडेना. आम्ही बाहेर पडलो. मला वाटलं ती आता काहीतरी सणसणीत बोलेल. तिनं रस्ता ओलांडला. मग म्हणाली, "बोंड्याची साल चांगली होती पन त्याची. खोटं काऊन बोलाव?"

चिखली रोडवर एक नवं कॅफे झालंय, तिथं मी तिला हट्टानं नेलं. आत अंधार, छोट्या छोट्या खोपट्या आणि प्रत्येक खोपटीला पडदा. आमच्या शेजारच्या पडद्याआड कोणीतरी हळू बोलत होतं. मोठी माय खाकरून खाली बसली तसं ते एकदम बंद झालं. "दवाखाना हाय का हा?" तिनं मोठ्यानं विचारलं. "पेशंट लय चूप हाये." वेटरनं मला "मॅम" म्हटलं आणि तिला काय म्हणावं ते न सुचून नुसतीच मान हलवली. चीज बोंडा आला. तोडला तर आतून पांढरी तार निघाली, ती हातभर लांबली तरी तुटेना. मोठ्या मायनं ती बोटाला गुंडाळली, पाहिली आणि बशीत ठेवली. इथं तिनं काम विचारलंच नाही.

कारंजा चौकातल्या म्हाताऱ्यानं मात्र तिला एका वाक्यात वाटेला लावलं. तो स्वतःच कढईवर असतो, बनियन आणि मांजरपाटाची चड्डी घालून. त्यानं तिच्याकडे न पाहता झारा कढईच्या कडेवर आपटला. "या कढईवर मी मरेपर्यंत मीच. मंग या."

"हा माणूस बराबर बोलला," मोठी माय म्हणाली. तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा खुलला.

बाकीच्यांचं सांगत नाही. कोणी हसलं, कोणी "घरी कोणी कमावतं नाही का?" म्हणालं, एकानं "पदर पेटेल हो" म्हणून काळजी केली. सतरावं हॉटेल धाड नाक्यावरचं. दारावर हातानं रंगवलेली पाटी होती: कारागीर पाहिजे. कामाच्या बाया पाहिजेत. मोठ्या मायनं दुसऱ्या ओळीवर हात ठेवला, मला म्हणाली, "हे मले दिसत नाई," आणि आत गेली.

मालक कुलदीप, असेल सव्वीस-सत्तावीसचा. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परत आलेला, म्हणून त्याचं बोलणं आधी पुण्याहून निघतं. "ॲक्च्युअली मावशी, आपली इथे एक सिस्टीम आहे. मी जेंट्स-लेडीज असं काही मानत नाही. रिझल्ट पाहतो. उद्या सकाळी सहाला या. एक घाणा काढून दाखवा."

एक घाणा म्हणजे कढईत एका वेळी मावतील तेवढे बोंडे. मोठी माय रस्त्यानं येताना तेवढेच दोन शब्द घोळवत होती. "एक घाना. एक घाना."

सकाळी धाड नाक्यावर काळी-पिवळी जीपवाले, दूधवाले आणि पहिल्या गाडीची वाट पाहणारे असतात. मोठ्या मायनं पदर खोचला, मसाला केला, गोळे वळले, घोळ केला. तेलात एक थेंब सोडून पाहिला. मग वीस गोळे एकेक करून असे सोडले की तेल उडालंसुद्धा नाही. बोंडे वर आले ते गोल, सोनेरी, एकासारखा एक. कुलदीपनं फोनवर फोटो काढला.

पहिली प्लेट एका जीपवाल्याला गेली. मोठी माय झारा धरून त्याच्या तोंडाकडे पाहत उभी. त्यानं घास घेतला, चावला, थांबला.

"मीठ देनं बे जरा."

दुसऱ्यानंही मीठ मागितलं. तिसरा म्हणाला, "दवाखान्यातलं जेवन हाय का हे?" चौथ्यापर्यंत कुलदीपनं मिठाची अख्खी पुडीच बाकावर आणून ठेवली होती आणि त्याचं बोलणं पुण्याहून थेट धाड नाक्यावर उतरलं होतं. "हे काय करून ठेवलं मावशी तुमी! घोळात मीठ टाकलं होतं ना?"

"टाकलं होतं."

"मंग कुठी गेलं ते?"

मोठ्या मायनं एक बोंडा उचलला. आधी नुसता आतला बटाटा खाल्ला. मग नुसती साल खाल्ली. झारा कढईच्या कडेला नीट टेकवून ठेवला, हात पुसले आणि निघाली. मी मागं मागं. जयस्तंभ चौक आला. मग तिथल्या रसवंतीच्या बाकावर बसली आणि मलाच विचारलं, "शालिग्रामच्या जिभेवर काय असते दिवसभर?"

"खर्रा."

"खर्रा खानाराले मीठ समजते का?"

"नाई," मी म्हटलं.

"त्याचा हात खारट हाय, मंजे. घोळात मीठ जास्त टाकते तो. मी कामाले लागली तवा दुसऱ्याच आठोड्यात भिंतीतून ऐकाले आलं, 'शालिग्रामभाऊ, आज बोंडा खारट!' मी चूपचाप मसाल्यातलं मीठ कमी केलं. ते बंद झालं. मंग कमीच ठेवलं. एकोनीस वर्स."

"त्याले सांगितलं नाई?"

"काऊन सांगाव? बोंडा बराबर होत होता ना."

हातानं तेच माप धरून ठेवलं होतं. मसाला अळणी, घोळ खारट, दोन्ही मिळून बोंडा बरोबर. धाड नाक्यावर मसाला तिच्या त्याच मापाचा होता, आणि घोळात मीठ तिनं घातलं होतं ते सरळ माणसासारखं. चाखून पाहायची तर तिला सवयच नव्हती. मागच्या बाईनं चाखलं की माल उष्टा होतो, असा जुन्या मालकाचा नियम. कारागिरानं चाखलं तर चालायचं.

"एवढे वर्स मी अर्धाच बोंडा करत होती," ती म्हणाली आणि रस न पिताच उठली.

संध्याकाळी कुलदीपचा फोन आला. मीठ सोडलं तर मसाला एक नंबर आहे, मागची पोझिशन तुमची, उद्यापासून या. मोठी माय म्हणाली, "नाई." फोन ठेवला आणि कांदे चिरायला घेतले.

चौथ्या दिवशी तो स्वतः मोटारसायकलवर आला. मागच्या सीटवर हनुवटी वर करून शालिग्रामभाऊ. झालं असं होतं की कुलदीपनं कारागीर म्हणून नेमका त्यालाच ठेवला, मसाला केला दुसऱ्या एका बाईनं नीट मीठ घालून, आणि लोकांनी बोंडा खाऊन पाण्याचे दोन दोन ग्लास रिचवले. तेव्हा शालिग्रामभाऊनंच सांगितलं होतं, मागं तानाबाई पाहिजे.

"जुनी टीम!" कुलदीप खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला. "काका पुढे, तुम्ही मागे. सिस्टीम रेडी!"

"येईन ना, येईन," मोठे बाबाच तिच्या वतीनं म्हणाले. "उद्याच येईन. काऊन नाई येनार?"

शालिग्रामभाऊ छताकडे पाहून म्हणाला, "अल आनाबाई."

चल तानाबाई. मोठ्या मायनं सगळ्यांपुढं चहा ठेवला. पदराला हात पुसले. "येईन," ती म्हणाली. "पन मी पुढं. भाऊ मागं."

शालिग्रामभाऊची हनुवटी हळूहळू खाली आली, मग तो झटकन उठून अंगणात गेला, थुंकला, चूळ भरली आणि परत आला. त्याची सगळी अक्षरं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आवाज चांगला खणखणीत होता.

"मी? मागं? बटाटे सोलू?"

"मी सोलले ना एकोनीस वर्स."

"तुले घोळ तरी जमते का? धाड नाक्यावर सारे मीठ मांगत होते म्हने!"

"आन तुमच्या वक्ताले पानी मांगत होते म्हने."

मी उशीत तोंड खुपसलं. कुलदीपनं घड्याळ पाहिलं, फोन पाहिला. "मावशी, रविवारी बाजार आहे. मला तोपर्यंत माणूस लागणार. ॲक्च्युअली..."

"रविवारीच एक घाना अजून काढीन," मोठी माय म्हणाली. "जमला तं मी पुढं. नाई जमला तं मागं बसीन, शालिग्रामभाऊच्या मागं, हातपाय चालतात तोवर. मंग पुढचं नाव काढनार नाई."

मोठे बाबा रिमोट शोधायला लागले.

पाच दिवस होते. मोठी माय पुन्हा हॉटेलं फिरली, पण आता बोंडा आला की ती साल सोलायची, आतला बटाटा माझ्या बशीत ढकलायची आणि नुसती साल खायची. त्या पाच दिवसांत मी इतका बटाटा खाल्ला की स्वप्नातही बटाटाच यायचा. बसस्टँडच्या मालकानं आमच्याकडे पाहून विचारलं, "मावशी, डॉक्टर ने बोला क्या?" जिल्हा परिषदेजवळच्या पाकवाल्याकडे ती तीनदा गेली. कढई दिसेल असं टेबल धरून बसली. तिसऱ्यांदा त्यानं कसनुसं हसत विचारलं, "आपण परत?"

"तुमच्या बोंड्याची साल चांगली हाये. शिकून राह्यली," मोठी माय म्हणाली. तो म्हणाला, "अच्छा."

घरी छोट्या कढईत घाणे निघत होते. एकदा साल वातड, एकदा पोकळ, एकदा इतकी खारट की मोठे बाबा न बोलता उठून गेले. शुक्रवारी कारंजा चौकात म्हाताऱ्यानं आमची बशी पाहिली आणि झारा घेऊनच आला.

"मसाला काऊन सोडला? नासला हाय का?"

"नाई. मले साल पाह्यची हाय. मसाला मले येते."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तू तेच ना, कढई मांगत होती ते?"

"हाव."

"अथी ये."

त्यानं तिला भट्टीजवळ नेलं. कोरड्या बेसनातच मीठ आणि ओवा चोळ. मग कडक तेलाचं मोहन. मग पाणी. सोडा शेवटी, आणि चिमूटच. मग त्यानं घोळाचा एक थेंब तिच्या तळहातावर टाकला. "चाख."

मोठी माय तशीच उभी राहिली.

"चाख ना वं! कारागीर हाय ना तू?"

तिनं जीभ लावली. हॉटेलातल्या कढईपाशी उभं राहून तिनं तळण्याआधी काही चाखलं ते आयुष्यात पहिल्यांदा. "खारट लागून राह्यला जरासा."

"बस. कच्चा घोळ जरासा खारट पायजे. तयल्यावर उतरते. आन बटाट्याचं मीठ बटाट्यात, सालीचं सालीत. कोनाच्या भरवशावर नाई." एवढं बोलून तो परत कढईवर गेला आणि पहिल्यासारखाच कोणाकडे न पाहता तळायला लागला.

रविवारी आम्ही साडेपाचलाच धाड नाक्यावर. बाजाराची गर्दी सुरू झाली होती. भाजीच्या गाड्या उतरत होत्या, कोंबड्यावाले टोपल्या घेऊन चालले होते. शालिग्रामभाऊ गिऱ्हाइकासारखा पायावर पाय टाकून पुढच्या बाकावर बसलेला, हनुवटी वर.

मोठ्या मायनं मसाला केला आणि चाखला. तिच्या हाताला जुनं माप येत होतं, ती हात मागं घेत होती, पुन्हा चिमूट घालत होती. बेसनात मीठ चोळलं, मोहन घातलं, घोळ फेटला. एक थेंब तळहातावर घेऊन चाखला. पुन्हा चाखला. कपाळावर घाम होता, तो तिनं दंडानं पुसला. मग गोळे तेलात सोडले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

पहिली प्लेट एका दूधवाल्याला. त्यानं एक खाल्ला. दुसरा खाल्ला. रस्सा मागितला. दुसरी प्लेट दोन भाजीवाल्या बायांना. एक दुसरीला म्हणाली, "माय वं, गरम हाय," आणि फुंकत फुंकत खात राहिली. कोणी मीठ मागितलं नाही, कोणी पाण्यासाठी धावलं नाही. दहा मिनिटांत घाणा संपला आणि लोक दुसऱ्यासाठी उभे.

शालिग्रामभाऊनं आपल्या बशीतला बोंडा तोंडात टाकला. छताकडे पाहत चावला. "अअनी," तो म्हणाला.

"अळणी?" कुलदीपचं पुणं पुन्हा सुटलं. "काका, तोंडात खर्रा ठेवून काय समजनार हाय तुमाले!"

शालिग्रामभाऊ उठला. बाहेर गेला. चूळ भरली, एकदा, दोनदा. परत आला, दुसरा बोंडा घेतला आणि मान खाली घालून हळूहळू खाल्ला, जसा वकील कागद वाचतो तसा. मग तिसरा घेतला. तो संपेपर्यंत मोठी माय त्याच्याकडे पाहत होती.

"तुले पयलेपासूनच समजलं होतं, घोळ खारट हाये ते?" त्यानं विचारलं.

"हाव."

"आन सांगितलं नाई."

"तुमी भिंतीच्या तिकडं होते, भाऊ."

त्यानं रिकामी बशी बाकावर ठेवली. "बोंडा बराबर हाये," तो कुलदीपला म्हणाला. "पन मी मागं बसनार नाई. तथी दुसरी भट्टी लाव. मी समोसे काढीन."

"काका, आपल्या सिस्टीममध्ये समोसा नाहीये ना."

"मंग सिस्टीम बदल," मोठी माय आणि शालिग्रामभाऊ एकदमच म्हणाले.

तेव्हापासून मोठी माय पहाटे पाचला जाते, मसालाही तीच करते आणि पुढच्या कढईवर तीच उभी असते. सुरुवातीला लोक बोंड्यापेक्षा तिलाच पाहायचे. एकानं विचारलं, "कारागीर कुठी गेला, मावशी?" तिनं झाऱ्यानं स्वतःकडे खूण केली आणि विचारलं, "किती देऊ?" आठवड्याभरात ते विचारणंही थांबलं.

एकच तक्रार आहे. ती कढईकडे कमी आणि बाकांकडे जास्त पाहते. परवा मी गेले तेव्हा एक घाणा तपकिरी व्हायला आला होता आणि ही बाई झारा हवेत धरून एका सफारीवाल्याचं तोंड न्याहाळत होती. कुलदीप ओरडला, "मावशी, खाली पाहा, खाली!" तिनं न पाहताच झारा घातला आणि सगळा घाणा बाहेर काढला.

सफारीवाला फोनवर बोलत होता. सातबाऱ्याचं काहीतरी होतं. बोलता बोलता त्यानं दोन्ही बोंडे खाल्ले, मिरची खाल्ली, बोटं पुसली आणि फोन कानाला लावूनच निघून गेला. एकदाही बशीकडे पाहिलं नाही.

"ह्यानं तं पाह्यलंबी नाई, काय खाल्लं ते," मी म्हटलं.

"हाव ना," मोठी माय म्हणाली. तिनं पुढचा गोळा घोळात बुडवला. "उद्या येईन तो. उद्या पाहीन त्याचं तोंड."